कापलेली नस पुन्हा जोडताना

१९६७ साली ‘जर्नल ऑफ युरॉलॉजी’ या अमेरिकी नियतकालिकात मुंबईच्या दोन डॉक्टरांचा लेख छापून आला. लेखक होते जी. एम. फडके आणि ए. जी. फडके. नसबंदी झालेल्या ७६ पुरुषांची कापलेली नस त्यांनी पुन्हा जोडली होती. त्यांपैकी ८३ टक्के पुरुषांच्या वीर्यात शुक्रजंतू परत दिसू लागले आणि ५५ टक्क्यांच्या घरी पत्नीला दिवस गेले. आज हे आकडे वाचून कुणी चकित होणार नाही. पण त्या वेळी या शस्त्रक्रियेत मायक्रोस्कोप आलेला नव्हता. सर्जनचे डोळे, हाताची सवय आणि मिळेल तो बारीक दोरा, एवढ्याच भांडवलावर हे काम चाले. त्यामुळे पुढची कित्येक वर्षं नस जोडण्यावर लिहिणाऱ्या पाश्चात्त्य डॉक्टरांना फडक्यांच्या या लेखाचा दाखला द्यावा लागला.

हा अनुभव मुंबईत जमा झाला, त्याला कारण होतं. भारतात तेव्हा नसबंदी ही सरकारी मोहीम झाली होती. जिथे लाखोंनी नसा कापल्या जातात, तिथे काही हजार माणसं कधीतरी परत येणार आणि ‘डॉक्टर, आता जोडून द्या’ म्हणणार, हे ओघानंच आलं. ती जोडणी कशी शक्य झाली आणि शक्य होऊनही तिची हमी का देता आली नाही, याचा इतिहास जवळपास शंभर वर्षांचा आहे.

आधी कापणं आलं

पुरुषबीज तयार होतं ते वृषणात. तिथून ते अधिवृषणात येतं. अधिवृषण म्हणजे वृषणाला मागून चिकटलेली, अतिशय वळणावळणांची एकच नळी. उलगडली तर ती सुमारे सहा मीटर भरते, पण राहते पाच-सहा सेंटिमीटरांच्या जागेत. या नळीत शुक्रजंतू पक्व होतात आणि पुढे शुक्रवाहिनीत जातात. नसबंदीत कापली जाते ती ही शुक्रवाहिनी. बाहेरून ती दोन-तीन मिलिमीटर जाड आणि हाताला टणक लागते, पण आतली पोकळी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची असते. सगळी अडचण या अर्ध्या मिलिमीटरात आहे.

ही नळी बांधली तर वृषणाचं काय होतं, हे पाहायला एकोणिसाव्या शतकात लंडनच्या ॲस्टली कूपर यांनी कुत्र्यावर प्रयोग केला. रक्तवाहिन्या बांधल्या तर वृषण खराब होतं, पण नुसती शुक्रवाहिनी बांधली तर ते शाबूत राहतं, असं त्यांना दिसलं. शतकाच्या शेवटी युरोप-अमेरिकेत प्रोस्टेटच्या वाढीवर उपाय म्हणून ही नस कापण्याची टूम निघाली. उपयोग झाला नाही, पण शस्त्रक्रिया सर्जनांच्या हातात बसली.

पुढचा अध्याय काळा आहे. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात हॅरी शार्प नावाचा तुरुंगाचा डॉक्टर १८९९ पासून कैद्यांची नसबंदी करू लागला. ‘कमअस्सल’ माणसांची वीण थांबवायची, या विचाराची तेव्हा तिथे चलती होती. १९०७ साली इंडियानाने सक्तीच्या नसबंदीचा जगातला पहिला कायदा केला. पुढे तीसहून अधिक अमेरिकी राज्यांनी तोच कित्ता गिरवला आणि साठ हजारांवर स्त्री-पुरुषांवर सक्ती झाली. जर्मनीत नाझींनी १९३३ च्या कायद्याखाली हा आकडा काही लाखांवर नेला.

याच काळात व्हिएन्नाचे ऑयगन श्टाइनाख याच नळीवर तारुण्य परत आणण्याचा प्रयोग करत होते. एका बाजूची नस बांधली की अंगातली रग परत येते, असा त्यांचा दावा होता. १९२३ साली सिग्मंड फ्रॉइड यांनी आणि १९३४ साली कवी विल्यम बटलर येट्स यांनी ही शस्त्रक्रिया करून घेतली. तारुण्य कुणाचंच परतलं नाही.

म्हणजे विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांत ही नस कापण्याची कारणं बदलत राहिली. प्रोस्टेट झालं, वंशशुद्धी झाली, तारुण्य झालं. जोडून द्या म्हणायला मात्र फार कुणी येत नव्हतं. कैद्यांना आणि वेड्यांच्या इस्पितळात डांबलेल्यांना ते विचारण्याचा अधिकारच नव्हता.

उघड्या डोळ्यांची जोडणी

पहिला धाडसी प्रयत्न नसबंदी उलटवण्यासाठी नव्हता. फिलाडेल्फियाचे सर्जन एडवर्ड मार्टिन यांच्यापुढे परम्यामुळे अधिवृषणात अडथळा आलेले रुग्ण होते. अडथळ्याच्या मागे शुक्रजंतू आहेत, पुढे वाट नाही. मार्टिन यांनी अधिवृषणाला चीर दिली, शुक्रवाहिनीला चीर दिली आणि दोन्ही चिरा चांदीच्या बारीक तारेने एकमेकींना शिवल्या. १९०२ मध्ये त्यांनी हे जाहीर केलं. कोणती नळी कोणत्या नळीला जोडली, हे त्यांनाही सांगता आलं नसतं, कारण ती दिसतच नव्हती. जखम भरताना दोन्हींच्या मधे आपोआप वाट पडेल, असा तो भरवसा होता. कधी वाट पडे, बहुतेकदा नाही.

नसबंदी झालेल्या माणसाची नस यशस्वीपणे जोडण्याचा मान बोस्टनच्या विल्यम क्विन्बी यांच्याकडे जातो. १९१९ मध्ये त्यांनी आठ वर्षांपूर्वीची नसबंदी उलटवली. कापलेली दोन टोकं समोरासमोर राहावीत आणि पोकळी बुजू नये म्हणून त्यांनी आत रेशीमकिड्यापासून काढलेला ताठ दोरा घातला आणि काही दिवसांनी काढून घेतला. ही क्लृप्ती पुढे पन्नास वर्षं टिकली. दोरा कधी रेशमाचा, कधी नायलॉनचा, कधी तारेचा, एवढाच काय तो फरक.

१९४८ साली शिकागोचे व्हिन्सेंट ओकॉनर यांनी अमेरिकी युरॉलॉजिस्टांकडे पत्रं पाठवून हिशेब मागवला. सगळ्यांच्या मिळून चारशेवर शस्त्रक्रिया निघाल्या आणि यश चाळीस टक्क्यांच्या आत. त्यातही यश म्हणजे बहुधा वीर्यात शुक्रजंतू दिसणं. मूल होणं ही पुढची पायरी, तिथे आकडा आणखी उतरे. बरेच सर्जन रुग्णाला सरळ सांगत, की नादी लागू नका.

मोहीम आणि मागणी

भारतात कुटुंबनियोजनाचं पाऊल मुंबईत पडलं. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली इथे संततिनियमनाचं केंद्र काढलं, तेव्हा या विषयावर उघड बोलणंही असभ्य समजलं जाई. तीस वर्षांत चित्र पालटलं. १९५२ साली भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. साठच्या दशकात पुरुष नसबंदी ही त्याची मुख्य पद्धत झाली, कारण ती पंधरा-वीस मिनिटांत, जागच्या जागी सुन्न करून, कुठेही करता येत होती. मुंबईत तर गर्दीच्या रेल्वे स्थानकांवर नसबंदीची केंद्रं उघडली गेली. कामावरून सुटलेला माणूस लोकल पकडण्याआधी शस्त्रक्रिया करून घरी जाऊ शकत होता. केरळमधल्या एर्नाकुलममध्ये जुलै १९७१ च्या एकाच शिबिरात महिनाभरात सुमारे ६३ हजार शस्त्रक्रिया झाल्या. रोख रक्कम, वस्तू आणि शिध्याचं आमिष होतंच.

हे सगळं ज्या देशात चाललं होतं, तिथे दर हजार जन्मलेल्या बाळांपैकी सव्वाशेहून अधिक वर्षाच्या आत दगावत होती. पश्चिमेत नस जोडून घ्यायला येणारा पुरुष बहुधा घटस्फोट घेऊन दुसरं लग्न केलेला असे. आपल्याकडे येणाऱ्याचा अनेकदा मुलगा गेलेला असे. दोन मुलांवर ऑपरेशन करून घेतलं आणि साथीत दोन्ही गेली, अशी घरं होती. गावात ‘ऑपरेशन झालंय, आता काय’ हे वाक्य त्या बापाला पुन्हा पुन्हा ऐकावं लागे. फडक्यांच्या टेबलावर आलेल्या रुग्णांमागची परिस्थिती ही होती.

मुंबईच्या डॉक्टरांनी आणखीही काही शोधलं. डॉ. ए. एम. फडके यांनी १९६४ मध्ये नस बांधल्यावर शुक्रजंतूंचं काय होतं याचा अभ्यास मांडला. वृषण त्यांची निर्मिती थांबवत नाही. अडकून पडलेले शुक्रजंतू शरीरातल्या भक्षक पेशी गिळून टाकतात. १९७३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह दाखवलं, की देवीचा आजार होऊन गेलेल्या अनेक पुरुषांत अधिवृषणाची वाट बंद झालेली असते. अंगावर व्रण दिसत होते, वंध्यत्व आत लपलं होतं. हे दोन्ही मुद्दे पुढच्या कथेत महत्त्वाचे ठरले. कारखाना चालू आहे, हे पहिल्याने सांगितलं. अडथळा कधी कधी सर्जन कापतो त्या जागेच्या मागेच असतो, हे दुसऱ्याने.

भिंग, सुई आणि उंदीर

बारीक नळी जोडायची तर आधी ती दिसली पाहिजे. शस्त्रक्रियेत मायक्रोस्कोप आणला तो कानाच्या डॉक्टरांनी. स्टॉकहोमच्या कार्ल-उलॉफ न्यूलेन यांनी १९२१ मध्ये तो वापरला. १९५३ मध्ये जर्मनीच्या झाइस कंपनीने खास शस्त्रक्रियेसाठी चांगला मायक्रोस्कोप बाजारात आणला. तरीही तो कान आणि डोळ्यांपुरताच राहिला. १९६० मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँट इथे ज्युलियस जेकबसन आणि अर्नेस्टो सुआरेझ यांनी त्याच्याखाली एक-दोन मिलिमीटरच्या रक्तवाहिन्या जोडून दाखवल्या आणि मायक्रोसर्जरीला सुरुवात झाली.

दिसू लागलं, पण हत्यारं जाडी होती. भिंगाखाली साधी सुई पाहिली तर ती नळीहून मोठी दिसे. कॅलिफोर्नियाचे हॅरी बंकी घराच्या गॅरेजमध्ये प्रयोगशाळा थाटून केसाहून बारीक दोरा आणि त्याला शोभेल अशी सुई तयार करण्याच्या मागे लागले. सशाचा कापलेला कान त्यांनी पुन्हा बसवला. १९६५ मध्ये जपानच्या नारा शहरात कोमात्सु आणि तामाई यांनी माणसाचा पूर्ण तुटलेला अंगठा जोडला. घड्याळजींचे चिमटे, सोनारांची अवजारं, डोळ्याच्या डॉक्टरांच्या कात्र्या असं जे मिळेल ते या मंडळींनी घासूनपुसून कामाला लावलं.

शुक्रवाहिनीपर्यंत ही विद्या दोन वाटांनी आली. ऑस्ट्रेलियात सिडनीचे अर्ल ओवेन सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच मायक्रोस्कोपखाली नस जोडू लागले. हेच ओवेन पुढे १९९८ मध्ये फ्रान्समधल्या ल्यॉन इथे जगातलं पहिलं यशस्वी हस्तप्रत्यारोपण करणाऱ्या चमूत होते. अमेरिकेत शर्मन सिल्बर हे तरुण युरॉलॉजिस्ट उंदरांच्या मूत्रपिंडांचं प्रत्यारोपण करत होते. उंदराच्या रक्तवाहिन्या जोडण्यात हात तयार झाला, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की माणसाची शुक्रवाहिनी याहून सोपी असायला हवी. १९७५ पासून त्यांनी आपले अनुभव छापायला सुरुवात केली. पुढे त्यांनी सेंट लुइस शहरात बस्तान बसवलं. पहिला मान कुणाचा, हा वाद तज्ज्ञांवर सोडू. सांगण्यासारखं हे, की दोघांनी मिळून जगाला पटवलं, की ही जोडणी नशिबाचा खेळ राहिलेली नाही.

टेबलावर काय होतं

मायक्रोस्कोपखालची ही शस्त्रक्रिया दोन्ही बाजू मिळून अडीच-तीन तास, कधी त्याहून जास्त चालते. अंडकोषाच्या त्वचेला छोटी चीर देऊन शुक्रवाहिनी बाहेर काढतात. जुन्या नसबंदीची गाठ वगळून दोन्ही टोकं ताजी कापतात. टोकाची कड निरोगी दिसेपर्यंत आणि त्यातून थोडं रक्त येईपर्यंत पातळ चकत्या काढत जायचं असतं. रक्तपुरवठा नसलेलं टोक जोडलं तर ते नंतर आकसतं.

मग येतो निर्णयाचा क्षण. वृषणाकडच्या टोकातून येणारा द्राव काचेच्या पट्टीवर घेऊन दुसऱ्या मायक्रोस्कोपखाली पाहतात. द्राव पातळ, पाण्यासारखा आणि त्यात शुक्रजंतू, निदान शेपट्या गळालेली त्यांची डोकी तरी दिसली, तर वाट मोकळी आहे. मग दोन टोकं थेट जोडायची. द्राव घट्ट, चिकट, पांढरा असेल आणि एकही शुक्रजंतू नसेल, तर अडथळा मागे अधिवृषणात आहे. तिथे गेल्याशिवाय हाती काही लागणार नाही.

थेट जोडणीत आतल्या अस्तराला अस्तर आणि बाहेरच्या स्नायूला स्नायू असे दोन थर शिवतात. आतले पाच ते आठ टाके टेन-झीरो नायलॉनचे. हा धागा केसाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढा जाड. भिंगाशिवाय तो दिसतच नाही, खाली पडला तर हुडकता येत नाही. अडचण अशी, की वर्षानुवर्षांच्या दाबाने वृषणाकडचं तोंड फुगलेलं असतं आणि पलीकडचं तोंड अरुंदच राहिलेलं असतं. मोठं तोंड लहान तोंडाला न चुण्या पडता शिवायचं. न्यू यॉर्कच्या मार्क गोल्डस्टाइन यांनी १९९८ मध्ये यावर साधा उपाय मांडला. टाके घालण्याआधी दोन्ही कडांवर बारीक मार्करने समान अंतरावर ठिपके काढून घ्यायचे. सुई कुठे घालायची हे आधीच ठरलं की शिवताना अंदाज करावा लागत नाही. हात मनगटापर्यंत टेकवलेले, खोलीत फारसं बोलणं नाही. सर्जनची एक लहानशी थरथर भिंगाखाली हातभर दिसते.

खरा अडथळा कुठे होता

सिल्बर यांच्या सुरुवातीच्या रुग्णांत एक कोडं दिसलं. जोडणी निर्दोष, वाहिनी मोकळी, तरी काहींच्या वीर्यात शुक्रजंतू येतच नव्हते. नसबंदीला जितकी जास्त वर्षं झालेली, तितकं हे प्रमाण वाढत होतं. दहा वर्षांच्या आत आलेल्यांचे निकाल उत्तम, पुढे घसरण. आधीचे सर्जन याचा दोष टाक्यांना देत. टाक्यांत दोष नव्हता.

१९७७ मध्ये सिल्बर यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक निरीक्षण मांडलं. काही पुरुषांच्या नसबंदीच्या जागी गाठ आलेली असते. कापलेल्या टोकातून शुक्रजंतू पाझरून तिथे साचतात आणि शरीर त्यांच्याभोवती गाठ करतं. ही गाठ म्हणजे बिघाड, असं समजलं जाई. प्रत्यक्षात ती असलेल्यांचे निकाल बरीच वर्षं उलटूनही चांगले निघत होते. ज्यांच्यात ती नव्हती, त्यांच्या नळीत दाब वाढत जाई. नळ बंद ठेवला की मागचा जुना पाइप कुठेतरी फुटतो, तसं अधिवृषणाच्या नाजूक नळीचं होतं. ती फुटते, जखम भरते आणि भरताना वाट बंद होते. नसबंदी एका जागी केलेली असते. वर्षं गेली की मागे दुसरी नसबंदी आपोआप होऊन बसते.

उपाय म्हणजे अडथळ्याच्या मागे जाऊन अधिवृषणाची नळीच शुक्रवाहिनीला जोडणं. मार्टिन यांनी १९०२ मध्ये अंधारात केलेलं हेच काम होतं, पण आता एक विशिष्ट वळण निवडून, त्याचंच तोंड शुक्रवाहिनीच्या तोंडाला शिवायचं होतं. या नळीचा व्यास एक मिलिमीटरच्या पाव हिश्शाच्या आसपास. सिल्बर यांनी १९७८ मध्ये ते करून दाखवलं. पुढची पंचवीस वर्षं या एका जोडणीत सुधारणा होत राहिल्या. अलीकडची पद्धत नळी शुक्रवाहिनीच्या आत ओढून घेते, त्यामुळे टाके दोनच पुरतात. मूत्रसंस्थेच्या शस्त्रक्रियांत यापेक्षा अवघड जोडणी नाही, असं सर्जन मानतात. शुक्रजंतू दिसायला कधी वर्षभर वाट पाहावी लागते.

त्याच दोन वर्षांत

सिल्बर आणि ओवेन भिंगाखाली नस जोडत होते, ती १९७५ ते १९७७ ही वर्षं. भारतात तीच आणीबाणीची वर्षं. १९७६-७७ मध्ये देशात सुमारे ८३ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांपैकी ६२ लाखांच्या आसपास पुरुषांच्या. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, सगळ्यांना केसेसचं उद्दिष्ट. पगार, बढती, परवाने, रेशन नसबंदीच्या दाखल्याला बांधलेलं. हरियाणातल्या उत्तावर गावाला नोव्हेंबर १९७६ मध्ये पोलिसांनी वेढा घालून पुरुषांना नेलं. आपल्याकडे सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत त्या वर्षीच्या जानेवारीत दहा दिवसांच्या मोहिमेत माणसं धरून नेल्याच्या तक्रारी झाल्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक १९७६ मध्ये मंजूर केलं. देशात असं पाऊल टाकणारं हे पहिलं राज्य. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही.

आणीबाणीतल्या अतिरेकांची चौकशी करणाऱ्या शहा आयोगापुढे नसबंदीशी संबंधित १,७७४ मृत्यूंची नोंद आली. लग्नही न झालेल्यांची नसबंदी केल्याच्या ५४८ तक्रारी आल्या. या माणसांसाठी नस जोडणं ही चैन नव्हती, तो न्यायाचा भाग होता. पण त्यासाठी लागणारा मायक्रोस्कोप आणि तो चालवणारा हात देशात मोजक्याच शहरांत होता. नस कापायला शिबिरातला एक डॉक्टर दिवसात पन्नास माणसं उरकत होता. ती जोडायला एका माणसामागे अर्धा दिवस जाणार होता. हे गणित कधीच जमणारं नव्हतं. ‘हवं तर पुन्हा जोडता येते’ हे मोहिमेच्या सोयीचं वाक्य होतं. त्यातलं ‘हवं तर’ कुणाच्या आवाक्यात आहे, हे सांगायची तसदी कुणी घेतली नाही.

परिणाम लगेच दिसला. १९७७-७८ मध्ये पुरुष नसबंदीचा आकडा दोन लाखांच्या आत आला. पुरुषांनी जो धसका घेतला तो उतरलाच नाही आणि सगळा भार बायकांवर गेला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्क्यांची नसबंदी झालेली आढळली. पतीची झालेली, फक्त ०.३ टक्के. चीनच्या ली शुनच्यांग यांनी सत्तरच्या दशकात काढलेली बिनटाक्याची पद्धत नव्वदच्या दशकात आपल्याकडे आली. ती सोपी, सुरक्षित आहे. तिनेही हे चित्र फारसं बदललं नाही.

आकड्यांची साक्ष

सिल्बर यांच्या दाव्यांवर विश्वास ठेवायला बाकीच्या सर्जनांना वेळ लागला. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या पाच केंद्रांनी मिळून नऊ वर्षांचा अनुभव मांडला. रुग्ण १,४६९. हा अभ्यास आजही या विषयाचा पाया मानला जातो. नसबंदीला तीन वर्षं व्हायच्या आत जोडणी झाली, तर ९७ टक्के पुरुषांच्या वीर्यात शुक्रजंतू परत आले आणि ७६ टक्के जोडप्यांत गर्भधारणा झाली. तीन ते आठ वर्षांत ८८ आणि ५३. नऊ ते चौदा वर्षांत ७९ आणि ४४. पंधरा वर्षांनंतर ७१ आणि ३०.

या तक्त्यात दोन गोष्टी दिसतात. पहिली, काळ. दुसरी, शुक्रजंतू येणं आणि मूल होणं यांतली दरी. त्या दरीत बायकोचं वय आहे, तिची तब्येत आहे आणि आणखी एक गोष्ट आहे. कोंडलेले शुक्रजंतू रक्ताच्या संपर्कात आले की शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. वाट मोकळी झाली तरी ती काही वेळा आड येतात.

१९९२ मध्ये ब्रसेल्सहून नवी बातमी आली. तिथल्या डॉक्टरांनी एकच शुक्रजंतू सुईने स्त्रीबीजात सोडून गर्भधारणा घडवली. अधिवृषणातून शुक्रजंतू काढता येत होतेच. आता नस जोडायची गरजच काय, असा प्रश्न उभा राहिला. मुंबईत केईएम रुग्णालयात १९८६ मध्ये टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाल्यापासून आपल्याकडेही शरीराबाहेर गर्भधारणा घडवण्याचं तंत्र रुजत गेलं होतं. पण १९९७ मध्ये न्यू यॉर्कच्या पाव्लोविच आणि श्लेगेल यांनी हिशेब मांडला. एका बाळाच्या जन्मामागे नस जोडण्याचा खर्च सुमारे २५ हजार डॉलर, नव्या तंत्राचा सुमारे ७२ हजार. शिवाय नस जोडली की दुसऱ्या मुलासाठी पुन्हा दवाखान्यात जावं लागत नाही आणि बायकोच्या अंगावर इंजेक्शनांचा मारा होत नाही. बायकोचं वय चाळिशीकडे गेलं असेल, तर मात्र वाट पाहण्यात अर्थ नसतो आणि नवं तंत्र पुढे जातं. म्हणून दोन्ही वाटा आज शेजारी शेजारी चालतात.

निवाडा

मार्टिन यांच्या चांदीच्या तारेपासून दोन टाक्यांच्या जोडणीपर्यंत शंभर वर्षं गेली. या काळात सर्जनांनी अर्ध्या मिलिमीटरची नळी जिंकली आणि पाव मिलिमीटरचीही जिंकली. काळ मात्र त्यांना जिंकता आला नाही. नसबंदीनंतरचं प्रत्येक वर्ष मागच्या नळीत काहीतरी बिघडवत जातं आणि ते टाक्याने दुरुस्त होत नाही. म्हणून ज्या राज्यकर्त्यांनी नसबंदी ‘उलटवता येते’ या भरवशावर खपवली, त्यांनी लोकांची फसवणूक केली, असंच म्हणावं लागेल. तंत्र खरं होतं, भरवसा खोटा होता. आज भारत सरकारच्या मार्गदर्शक सूचनांतच लिहिलेलं आहे, की नस पुन्हा जोडणं ही मोठी शस्त्रक्रिया आहे आणि तिच्या यशाची हमी देता येत नाही. सही घेण्याआधी हे वाक्य प्रत्येक पुरुषाला त्याच्या भाषेत वाचून दाखवलं पाहिजे.

नसबंदीचा विचार करणाऱ्याने ती कायमची समजूनच करावी. अशी समजून केली तर ती बायकोच्या ऑपरेशनपेक्षा सोपी आणि कमी धोक्याची आहे. ज्याच्या आयुष्याने वळण घेतलं आणि नस जोडायची वेळ आली, त्याने वर्षं घालवू नयेत. पत्नीची तपासणी आधी करून घ्यावी आणि सर्जनला एक प्रश्न जरूर विचारावा: टेबलावर अडथळा अधिवृषणात निघाला, तर ती जोडणी तुम्ही त्याच वेळी करू शकाल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर दुसरा सर्जन शोधावा.